पूजेसाठी बंद केलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार थांबलं पाहिजे, हे मी माझ्या बापाकडून घेतलं. विळा, कोयता, कुऱ्हाड धुवून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. चालत्या हत्याराला कुणी हळद लावत नाही. शाळा मी चौथीपर्यंतच केली, पण एवढं मला कळतं, आणि जे झालं त्यानंतरही माझं म्हणणं तेच आहे.

आमचं गाव तिकोण्याच्या पायथ्याला, पवना धरणाच्या अंगाला. घराच्या पडवीत दूध संकलन केंद्र आहे, ते माझी सून चालवते. मुलगा तळेगावला कंपनीत पाळीवर जातो, तो यात नसतो. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन येतात. दूध काट्यावर ठेवायचं, थोडंसं फॅटच्या मशीनला द्यायचं. दोन्हीकडचे आकडे वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जातात आणि पावती छापून बाहेर येते. मधे माणसाचा हात नाही. केंद्र सुनेला मिळालं तेव्हा भावकीत कुरकुर झाली होती. सासऱ्याच्या म्हशीचं दूध सूनच मापणार, मग आमच्या मापाचं काय खरं? त्या सगळ्यांची तोंडं पावतीनं बंद केली. सुनेनं नव्हे, मीही नव्हे. हे मला मनातून कधी आवडलं नाही.

तर त्या खंडेनवमीला सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं आणि सून म्हणाली, "आबा, कॉम्प्युटरचं अपडेट चालू आहे. तो आपणहून बंद होईल, आपणहून चालू होईल. मी कामशेतहून फुलं घेऊन येते. तोवर त्याला हात लावू नका."

मी बरं म्हणलं. काटा पुसला, फॅटचं मशीन पुसलं, विळे-कोयते मांडले. पडद्यावर एक गोल गरागरा फिरत होता, खाली एक आकडा. गोल फिरायचा, आकडा हलायचा नाही. घाण्याचा बैल फिरतो तसं. दुपारचं जेवण पूजेशिवाय कसं करायचं? मी वाट बघून बघून कंटाळलो आणि भिंतीवरचं बटन दाबलं. पडदा काळा झाला. मी त्याला हळदकुंकू लावलं.

सून आली. फुलांची पिशवी हातात तशीच.

"आबा, हा बंद कुणी केला?"

"मी केला. पूजेत हत्यार चालू ठेवत्यात व्हय?"

एक फूल काढून तिनं कॉम्प्युटरवर ठेवलं.

संध्याकाळी तिनं तो चालू केला. पडदा काळा, मग निळा, मग पुन्हा तो गोल. इंग्रजीत काहीतरी आलं. "दुरुस्ती करतोय म्हणतोय," ती म्हणाली. आम्ही थांबलो. तो बंद पडून परत तिथंच आला. तिनं कामशेतच्या भाईंना फोन लावला. भाई कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात, आमचं मशीन त्यांनीच बसवलेलं. त्यांनी फोनवरून हे बटन दाबा, ते धरून ठेवा, असं करून बघितलं. शेवटी म्हणाले, "भाभी, विंडोज नव्यानं टाकावी लागेल. रोजचा हिशोब पेनड्राइव्हवर घेताय ना? मग काही जात नाही. उद्या येतो."

उद्या! इकडं रांग लागलेली. सगळ्यात पुढं माझा चुलतभाऊ, ज्यानं कुरकुर सगळ्यात आधी केली होती तोच.

"पावती न्हाई, तर आमी दूध घालनार न्हाई. पलीकडल्या वाडीत जातो."

मागच्या दोघांनी किटल्या उचलल्यासुद्धा. दुसऱ्या केंद्रावर गेलेला माणूस परत फिरत नाही, तिकडंच सवय लागते. सुनेचा चेहरा उतरला. मला राग आला.

"आरं, केंद्राच्या आधी वर्षानुवर्षं मी मापानं दूध घेतलंय तुमचं. तवा कुटं व्हती पावती?"

"तवा भांडनं बी व्हती की, आबा," चुलतभाऊ म्हणाला.

सगळे हसले. भांडणं होती, हे खरं. पहाटे पहाटे मापावरून एकमेकांची आई-बहीण निघायची, हे मी विसरलो नव्हतो. माझ्या शब्दाला वजन होतं असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या रांगेला तसं वाटत नव्हतं.

सून पुढं आली. "काका, किलोचा आकडा काट्यावर दिसतो, फॅटचा मशीनवर दिसतो. कॉम्प्युटर फक्त लिहून घेतो. आज मी लिहीन. पण आकडा मी वाचणार नाही, तुम्ही वाचायचा. मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. तुमचा तुमच्या मागचा वाचेल." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि पहिली किटली आपली."

घरचं दूध आम्ही नेहमी शेवटी घालतो, रांग पांगल्यावर. "आपली शेवटी आसती," मी म्हणलं.

"आज पहिली, आबा." तिनं माझ्या हातातनं किटली घेतली.

चुलतभावानं चष्मा लावला. वजन वाचलं. मग फॅटच्या मशीनवर वाकला आणि त्याचा आवाज एकदम चढला. "पाच पॉइंट दोन!" आणि कुणी ऐकलं नसेल म्हणून परत, "पाच पॉइंट दोन!"

मग मागून एक मावशी बोलली, "आबा, तुमच्या म्हशीला धरान लय जवळ पडतंय जनू!"

हशा पिकला. माझी म्हैस सातच्या वर फॅट देते, असं मी गावभर सांगत फिरलेलो. ती देत होती. पण सध्या रेडकू लहान होतं. शेवटच्या धारा मी त्याच्यासाठी सोडत होतो, आणि शेवटचं दूधच दाट असतं. हे सांगता आलं असतं. पण हसणाऱ्या रांगेपुढं कारण सांगणारा माणूस आणखी हसं करून घेतो, म्हणून मी उपरणं झटकून बाकावर जाऊन बसलो.

सुनेनं आकडा लिहिला, तोंडावरची रेघ न हलवता. "पुढची किटली."

चुलतभावानं स्वतःची किटली काट्यावर ठेवली. उचललेल्या दोन किटल्याही परत खाली आल्या. मला बाकावरनं सगळं दिसत होतं. घरच्या म्हाताऱ्याचा आकडा जिनं चारचौघांत मोठ्यानं वाचू दिला, ती दुसऱ्याचं माप कशाला मारेल, हे कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाच्या तोंडावर ते होतं. टँकरवाला हॉर्न वाजवून वैतागला, आत आला आणि शेवटचे आकडे त्यानंच वाचले. दसऱ्याच्या सकाळीही तसंच झालं.

मग भाई आले. मी म्हणलं, "आज सणाचं बोलावलं तुमाला."

"सण तुमचा, आबा. कॉम्प्युटरला कसला आलाय?"

विंडोज टाकली, दुधाचा प्रोग्राम टाकला, पेनड्राइव्हवरनं सगळी नावं आली. भाईंनी पाण्याची किटली काट्यावर ठेवली. काट्यावर आकडा, कॉम्प्युटरवर शून्य. वायर बदलली, शून्य. दुसऱ्या भोकात लावली, शून्य. चहा गार झाला. सून मागं उभी राहून बघत होती.

"भाई, प्रोग्राममध्ये काटा पोर्ट तीनवर आहे असं लिहिलंय. पण आता कॉम्प्युटर त्याला पाच म्हणतोय ना?"

भाईंनी कपाळावर हात मारला. "नव्यानं टाकली की नंबर बदलतो, माझ्या डोक्यातच आलं नाही."

मी विचारलं, "म्हंजी जनावर तेच, दावं तेच, खुटा तेवढा बदलला. आन् ह्यो बाबा जुन्या खुट्यापाशीच चारा टाकतोय?"

"अगदी तेच, आबा."

तीनचा पाच केला, आणि पडद्यावर वजन उभं राहिलं. जाताना भाई हळूच म्हणाले, "आबा, पुढच्या वर्षी पूजेच्या आधी एक फोन करा."

"फोन कशाला? तुमी तुमचं अपडेट आदल्या दिशी आटपा."

संध्याकाळी पावत्या पुन्हा सुरू झाल्या. सुनेनं हातानं लिहिलेले आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले आणि रांगेला सांगितलं, ज्याला ताडून बघायचंय त्यानं बघून घ्यावं. कुणी आलं नाही. चुलतभावानं तर पावती न वाचताच खिशात कोंबली आणि सोनं द्यायला पुढच्या घरी गेला.

सगळे गेल्यावर मी उठून टेबलापाशी गेलो.

"माझा आकडा टाकलास?"

"टाकला की, आबा."

"किती?"

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. "तुम्हीच वाचा."

मी वाचला. मनातल्या मनात.