हौदातली पावलं

कलाबाईचं अर्धं आयुष्य चुन्यात गेलं. कळीचा चुना भिजवताना किती लांब उभं राहायचं, हाताला तेल कधी चोळायचं, हे संतपुरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चुना उकळतो, वाफा सोडतो, म्हणून माणूस आपसूक जपून राहतं.

रझाकारीच्या आधी आठ-दहा वर्षं मळ्यातल्या हौदाचा तळ भेगाळला आणि चनमल्लप्पा गवंड्यानं दुरुस्तीला सिमेंट आणलं. कलाबाईनं भिजवलेल्या ढिगात बोट घालून पाहिलं. ना वाफ, ना चटका.

"राखंवाणी हाय. उतर गं," ती सुनेला, राजूला, म्हणाली.

राजू लुगडं खोचून उतरली आणि अनवाणी पायांनी सिमेंटचा गारा भेगांत दाबू लागली. दुपारी म्हणाली, "आत्याबाई, जोडव्याखाली चुरचुरायलंय. काढून ठिवू का?"

कलाबाईनं स्वतः एकदाच जोडवी काढली होती, बोट सुजलं म्हणून. महिन्याच्या आत नवरा पटकीनं गेला.

"कामून काढायलीस? नवरा हाय न्हवं तुझा? पाय धू अन् लाग कामाला."

"अक्का, तू तर माझ्यावरची मुकादम निघालीस," चनमल्लप्पा हसला.

राजूनं पाय धुतले. पण घट्ट जोडव्यांखालचा गारा तसाच राहिला. संध्याकाळी आग सुटली, सकाळी कातडी पांढरी पडून सोलली. तिसऱ्या दिवशी जोडवी सुजेत रुतली होती.

"आता तरी सोनाराला बोलवा," राजू म्हणाली.

"आधी तुझ्या नवऱ्याला गुलबर्ग्याहून येऊ दे," कलाबाई म्हणाली आणि हळद-तेल लावत राहिली. लेक तिकडं तुरीच्या गोदामात हमाली करत होता. तो सहाव्या दिवशी आला. तोवर दोन्ही बोटं काळी पडली होती.

बिदरच्या दवाखान्यात डॉक्टर पायाकडं बघून हळूच म्हणाले, "अम्मा, ये छल्ले पैलेच निकालना था."

जोडवी कापली, आणि दोन्ही बोटंही. लेकाला काही झालं नाही. तो अजून धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, आईशी कामापुरतं बोलतो. राजू टाचांवर चालते. ती घरात फिरू लागली की कलाबाईच्या हातातलं काम थांबतं.

दर चैत्रात हौद उपसतात. गाळ निघाला की तळावर राजूची पावलं दिसतात, पाच-पाच बोटांची, अंगठ्याशेजारी जोडव्याची खाच. कलाबाई त्यांच्यावर खराटा फिरवत नाही, वळसा घालते.

यंदा तिनं चनमल्लप्पाला हौदातच गाठलं. "अप्पा, तेवढं बुजवून दे."

"थेंब गळत न्हाई, अक्का. कशाला बुजवू?"

तेवढ्यात वरून टाचांचा आवाज आला. राजू भाकरी घेऊन आली होती. काठावर थांबून ती खाली बघत राहिली.

"आत्याबाई, जेवून घ्या."

कलाबाईनं वर पाहिलं नाही. अर्धा हौद अजून झाडायचा होता. तिनं खराटा टाकला आणि मोटेवाल्याला पाणी सोडायला सांगितलं.