कडू घास कुणी आणायचा

माझ्या वडिलांनी आयुष्याचं शेवटचं वर्ष बंगळूरला काढलं, आणि त्या वर्षात एकही ताट नावं न ठेवता संपवलं नाही. आमचं गाव आजऱ्याकडचं, कोल्हापूर जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. डोंगराच्या उतारावर नाचणा आणि खालच्या खाचरांत घनसाळ भात, एवढंच तिथं पिकतं आणि एवढ्यावरच माणसं जगतात. वडिलांचं हृदय थकलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठं हॉस्पिटल हाताशी असलेलं बरं. मी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर आहे आणि राजाजीनगरात पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो. आई-वडिलांना मी इकडेच घेऊन आलो.

त्यांना हवं असायचं ते काही फार नव्हतं. नाचण्याची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. माझी बायको गडहिंग्लजची, भाकरी थापण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण वडील तुकडा मोडायचे, उजेडात धरून बघायचे आणि विचारायचे, "ह्याला भाकरी म्हणत्यात व्हय?" कधी पीठ वाईट, कधी पाणी वाईट, कधी गॅसची आच वाईट. इथं नाचण्याला तोटा नाही. कोपऱ्यावरच्या गिरणीत हवी तेवढी रागी दळून मिळते, फक्त इथली माणसं तिचे गोळे करतात आणि सारात बुडवून न चावता गिळतात. वडिलांनी एकदा तो गोळा बोटानं दाबून पाहिला आणि ताट सरकवलं. मी चिडून म्हणालो, "मग काय, चुलीसकट गाव उचलून आणू?" ते शांतपणे म्हणाले, "जमलं तर बघ."

मी त्यांच्यावर चिडायचो, पण खरं सांगायचं तर रोग मलाही तोच होता. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, हात धुऊन कँटीनच्या सारभातासमोर बसलो, की अचानक चुलीवरच्या पिठल्याचा वास नाकाशी यायचा आणि घास फिरायचा. इतक्या वर्षांचा संसार, डोक्यावर विरळ झालेले केस, आणि एका पिठल्यासाठी डोळ्यांत पाणी येतं याचा मला भयंकर राग येई. पीण्यात उत्तर कर्नाटकातल्या एका माणसाची खानावळ आहे. तिथली ज्वारीची कडक रोटी मी एकदा वडिलांसाठी बांधून आणली. "पापड आणलास व्हय," म्हणाले, आणि तरी दोन खाल्ल्या.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. घरातलं बोलणं मराठी, पण असं मराठी की माझ्या आईला पहिल्या दिवशी वाटलं, ही बाई आपली नक्कल करतेय. थोडंऐवजी 'स्वल्प', बरंऐवजी 'सरी', मला 'अण्णा' म्हणायच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणत होतो. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. कुठल्या गावाहून, ते त्यांच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई त्यांच्याशी जिन्यात भेटली की हसायची, चार शब्द बोलायची आणि वर आल्यावर मला म्हणायची, "बाई चांगली हाय, पर आपल्यातली न्हाई."

वडील हॉस्पिटलातच वारले, संध्याकाळच्या वेळी. रात्रीतून जीप काढून काका आणि चुलतभाऊ गावाहून आले आणि सकाळी इथल्याच विद्युतदाहिनीत सगळं उरकलं. एक बटण दाबलं आणि दार बंद झालं. वडिलांना नावं ठेवायला जागा राहिली असती तर त्यांनी तिथंही ठेवली असती.

घरी आल्यावर खरी अडचण पुढे आली. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. बाहेरचं कुणी तरी, सुतक नसलेलं, आपल्या घरी शिजवून आणतं आणि दुःखातल्या माणसांना पहिला घास भरवतं. त्याला कडू घास म्हणतात. सोयरे आणतात, नाहीतर शेजारी. तो खाल्ल्याशिवाय पोटात अन्न जात नाही, आणि मुख्य म्हणजे तो मागायचा नसतो. मागून आणला तर तो कडू घास नव्हेच, ते नुसतं जेवण. गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. माणसं स्मशानातून परतायच्या आत तीन-चार घरांतून पिठलं-भाकरी येऊन ठेवलेली असते.

इथं कोण आणणार? काका आणि चुलतभाऊ भावकीतले, म्हणजे सुतक त्यांनाही. त्यांच्या हातचं चालत नव्हतं. मामा मागेच वारले होते. माझा मेहुणा गडहिंग्लजहून निघाला होता, पण त्याला पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. आणि आई आदल्या दुपारपासून उपाशी होती. तिला साखरेचा त्रास, दोन्ही वेळा गोळ्या. हॉस्पिटलच्या धावपळीत रात्रीची गोळी तिनं घेतली होती आणि वर काहीच खाल्लं नव्हतं. दुपारी तिच्या हाताला कंप सुटला. वडिलांना सोडून आलो त्याच हॉस्पिटलात आता हिला न्यावं लागणार, असं मला वाटायला लागलं.

बायकोनं भात टाकायला गॅसजवळ जाऊन पाहिलं. आई आतून म्हणाली, "ह्या घरात आज चूल पेटायची न्हाई." मी ॲपवरून इडल्या मागवल्या. तिनं पुडक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या घरचं हाय?" खोटं बोलायचं माझ्या मनात होतं, पण पुडक्यावर हॉटेलचं नाव होतं. तिनं साखरपाणी तेवढं घेतलं, आणि तेही मी हात जोडले म्हणून.

फोनवर निरोपांचा पाऊस पडत होता. व्हाइटफील्डकडची आमची पुण्या-मुंबईची मंडळी, सणाला एकत्र येऊन मिसळ आणि पुरणपोळी करणारी, एकजात हात जोडलेलं चित्र पाठवून लिहीत होती, काही लागलं तर सांग. चांगली माणसं आहेत, मनापासूनच लिहीत होती. पण मी काय सांगू? जे लागत होतं ते सांगायचं नसतं, हीच तर गोम होती. मी फोन उलटा करून ठेवला. त्या क्षणी मला या शहराचा, त्या मंडळींचा आणि आमच्या रीतीचाही संताप आला होता.

संध्याकाळी मी ठरवलं की पीण्याच्या खानावळीत जायचं, रोटी-भाजी घ्यायची, घरच्या डब्यात घालायची आणि कारखान्यातल्या सोबत्याच्या बायकोनं दिली म्हणून सांगायचं. डबा पिशवीत घालून जिना उतरत होतो, तर अक्का खाली दाराशीच उभ्या होत्या. बहुधा बराच वेळ उभ्या असाव्यात.

"अण्णा," त्यांनी हळूच विचारलं, "आईंनी स्वल्प काही घेतलं का?"

मी नाही म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला.

"मी दुपारी आणलं होतं की. भात आणि सारु. तुम्ही स्नानाला गेले होते. तुमच्या काकांनी नको म्हटलं. दुःखाच्या घरात बळ करू नये म्हणून मी परत नेलं."

मी तिथंच पायरीवर बसलो. काय झालं असेल ते मला लख्ख दिसलं. काका दारात बसलेले. अनोळखी बाई डबा घेऊन आली, आणि काकांनी आयुष्यभराच्या सवयीनं म्हटलं असणार, "नको, नको, कशाला तरास." आमच्यात कुणी काही दिलं की एकदा नको म्हणायचंच असतं. देणाऱ्यानं पुन्हा आग्रह करायचा आणि मग आपण घ्यायचं. पण मरणाच्या घरी आग्रह करायचा नसतो. काकांनी एक रीत पाळली आणि अक्कांनी दुसरी, आणि माझी आई दिवसभर उपाशी राहिली.

वर येऊन मी काकांवर ओरडलो. ते कावरेबावरे झाले. "मला काय ठावं, रं? ती कानडी का मराठी ते बी कळंना. एकदम हात पुढं करायचा व्हय?" त्यांचं म्हणणंही खरंच होतं. त्यांचा सख्खा भाऊ गेला होता, आणि मी दारात उभा राहून त्यांच्यावर आवाज चढवत होतो.

आवाज ऐकून आई बाहेर आली. भिंतीला धरून दारापर्यंत आली, उंबरा ओलांडून जिन्याच्या वरच्या पायरीशी थांबली. सुतकात दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकायचं नाही, म्हणून ती तिथंच खाली बसली. अक्का खालच्या पायरीशी उभ्या होत्या.

"अक्का," आई म्हणाली, "दुपारी आणलंसा ते कुठं हाय?"

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. आई मागत होती. जे कुणीच कधी मागत नाही ते मागत होती, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

"मागच्या पडवीत ठेवलंय," अक्का म्हणाल्या. "तुमच्यासाठी म्हणून काढलेलं, परत आत कसं घेणार? आणि टाकवत पण नाही. आता ते गार झालं. दहा मिनिटं बसा, ताजं करते."

"ताजं नगं. ताजं केलं तर ते मी मागितल्यावानी हुईल." आई एकेक शब्द जपून बोलत होती, दम लागत होता तिला. "तुम्ही न सांगता आणलं हुतं न्हवं? तवाच ते माझं झालं. मी मागत न्हाई. माझं हाय ते आणा."

अक्का जवळजवळ धावतच आत गेल्या. डबा घेऊन आल्या, जिना चढून आईच्या एक पायरी खाली बसल्या. भात थंड होऊन घट्ट झाला होता. सारु हुलग्याचं होतं, इथं हुलग्याला हुरळी म्हणतात. फोडणी नव्हती, अशा दिवशी ती त्यांच्याकडेही घालत नाहीत. पिठलं नव्हे, भाकरी नव्हे, आमच्या घरात वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला त्यातलं काहीच नव्हतं. अक्कांनी भात कालवला, लहानसा घास केला आणि आईच्या तोंडाशी नेला.

आईनं तोंड उघडलं. किती तरी वेळ ती तो एकच घास चावत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हॉस्पिटलात आलं नव्हतं, दाहिनीपाशी आलं नव्हतं, ते तिथं आलं. अक्का नवीन घास करत राहिल्या. चार-पाच घासांनंतर आईनं डबा आपल्या मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हातानं जेवायला लागली. मी पाणी आणि गोळी घेऊन शेजारी बसलो. तिच्या हाताचा कंप कमी होताना दिसला तेव्हा मला हुंदका आवरला नाही. वडिलांसाठी मी तोवर रडलो नव्हतो. आई जेवते आहे हे बघून रडलो.

मग अक्का खाली जाऊन आम्हा बाकीच्यांसाठी दुपारचंच उरलेलं घेऊन आल्या. यावेळी काकांनी नको म्हटलं नाही. दोन्ही हात पुढे करून त्यांनी ताटली घेतली आणि मान खाली घालून जेवले. मला किती भूक लागली होती हे पहिला घास पोटात गेल्यावरच कळलं. थंड भात आणि बिनफोडणीचं सारु मी बोटं चाटून खाल्लं.

आईनं डबा पुसून स्वच्छ केला. कडू घासाचं भांडं धुऊन, भरून असं परत द्यायचं नसतं, तसंच रिकामं द्यायचं. तिनं ते अक्कांच्या पुढे धरलं, पण सोडलं नाही. दोघींचे हात त्या डब्यावर होते.

"अक्का, तुमच्या दारात असा दिस आला तर घास मी आणणार. दुसऱ्या कुणाचा आधी घिऊ नका."

असं कुणी कुणाच्या तोंडावर बोलत नाही. बायको घाबरून माझ्याकडे बघायला लागली. वाईट वाटलं असेल म्हणून मी अक्कांची माफी मागणार होतो. पण त्यांनी आईच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"सरी," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आणायचा. पण त्यासाठी तुम्हाला इथं राहायला पाहिजे."

आईनं डबा सोडला.

"ऱ्हातो की," ती म्हणाली. "आता कुठं जाणार?"