समोरच्या गॅलरीपर्यंत गेलेला दोरा

मैत्रिणींनो, आज संध्याकाळपासून मी हवेतच आहे!

समोरच्या बिल्डिंगमधली तनू म्हणजे आमच्या जुईची बेस्ट फ्रेंड. पण रेवा आणि मी बहिणी नाही, जोडीदार आहोत, जुई आमच्या दोघींची आहे, हे कळल्यापासून तनूच्या मम्मीनं तिला आमच्याकडे पाठवणंच बंद केलं. विचारलं की एकच उत्तर, "अभ्यास लई हाय."

जुई रोज गॅलरीत उभी राहून तिकडे बघायची. म्हणून आज आम्ही तिघींनी फोन बनवला. चहाचे दोन कागदी कप आणि मधे गोधडीचा दोरा. एका कपात वजनाला लिंबू घालून रेवानं तो अरुंद गल्लीपलीकडे फेकला. पहिला नेम खाली उभ्या ऑटोवर, दुसरा थेट तनूच्या हातात!

मग नुसती कुजबुज. ऊन हळूहळू दोऱ्यावरून सरकत होतं. मला वाटलं, आख्खं नांदेड त्या दोऱ्यावर झुलून राहिलंय.

अचानक जुईनं कप माझ्या कानाला लावला. पाण्याखालून यावा तसा आवाज आला. तनूची मम्मी!

"हॅलो, कोणती आई बोलून राहिली?"

मी गडबडले. "मी मम्मा. आई आत चहा करतेय."

समोर त्यांनी कप तोंडाशी आणखी जवळ धरला. मग म्हणाल्या, "उद्या घरीच हाय ना तुम्ही दोघी? पाठवते तनूला. अन् दोरा जरा ताणून धरा, नीट ऐकू येईना."

आता पटपट सांगा, उद्या पोरींना काय बनवायला देऊ? घरात खोके आहेत, जुन्या ओढण्या आहेत, आणि मला अजिबात धीर धरवत नाहीये.