बिनसमुद्राचं आरमार

"अण्णा, सून झकास आणलीत. पण वर्किंग कंडिशनमध्ये आहे ना? आवाजच येत नाही!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते. बोलणारे निकाळजे सर, माझ्या सासऱ्यांचे मित्र. सासरे, म्हणजे अण्णा, तितक्याच प्रेमानं म्हणाले, "नसू द्या हो. पॉलिश तर चांगलंय!"

मी आत गेले, चहा दिला, हसून परत आले. कमी बोलणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात, किस्से आपोआप साठत जातात. माझ्याकडं तर आता गोडाऊन झालंय.

दर रविवारी आमच्या हॉलमध्ये तिघं जमतात. अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांना इंग्रजांच्या काळातल्या जहाजी वस्तूंचा नाद: होकायंत्रं, घंटा, कंदील, दुर्बिणी. निकाळजे सर इतिहास शिकवायचे. ते त्याच काळातली, गोऱ्या साहेबांची टिंगल करणारी व्यंगचित्रं जमवतात. तिसरे हमीदभाई. त्यांचं जुन्या बाजारात पितळी सामानाचं दुकान. ते दोघांना माल पुरवतात आणि दोघांचं ऐकूनही घेतात. छत्रपती संभाजीनगरात समुद्र नाही, याचं तिघांनाही काही वाटत नाही. माझं माहेर पैठणचं. म्हणजे जायकवाडी धरणामुळं या सगळ्यांत पाण्याच्या जवळची मीच!

हॉलमध्ये एक वेताची, लांब हातांची खुर्ची आहे. कुठल्याशा जहाजाच्या डेकवरची. तिच्यात एरवी कुणीही बसायचं नाही. तिच्यासाठी दर रविवारी एक खेळ: एकानं रुमालाखाली झाकून एखादी वस्तू आणायची, बाकीच्यांनी एकेकदा ओळखायची. कुणालाच जमलं नाही, तर आणणारा त्या दिवसाचा कप्तान! तो खुर्चीत बसणार, बाकीचे त्याला चहा आणून देणार. 'आणून देणार' म्हणजे स्वयंपाकघराकडं तोंड करून "चहाऽऽ" म्हणणार. आणायची मी.

त्या दिवशी दाराआड मी ठरवलं: ती खुर्ची आपल्याला पाहिजे.

*

अण्णा रोज संध्याकाळी गच्चीवर पितळी दुर्बीण लावून उभे राहतात. एकदा समोरच्या काकू तणतणत आल्या. "भाऊजी, आमच्या घरात काय बघता हो रोज?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "वहिनी, शंभर वर्षांची दुर्बीण आहे. हिच्यातून काहीसुद्धा दिसत नाही."

"मग डोळा कशाला लावता?"

"सवय राहावी म्हणून!"

काकू जिना उतरल्या. खाली आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "लई सोसतेस गं बाई."

*

हमीदभाईंच्या दुकानात पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं. जहाजाची घंटा उचलून म्हणालं, "ही बुडालेल्या जहाजावरचीच आहे ना? मला बुडालेल्याचीच पाहिजे."

हमीदभाईंनी घंटा हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "हौ तो. और यकीन नै आता तो ठैरो साब, जायकवाडी में डुबाके लाके देतूं!"

गिऱ्हाईकानं विचारलं, "किती दिवस लागतील?"

*

निकाळजे सरांचा एक कडक नियम आहे. चित्र समजावून सांगेपर्यंत हसायचं नाही. सर चष्मा पुसतात, घसा साफ करतात, साहेबाच्या टोपीपासून सुरुवात करतात. बुटापर्यंत पोचेस्तोवर चहा दोनदा होतो. मग सर म्हणतात, "हसा." आणि तिघं हसतात!

सरांचं सगळ्यात लाडकं चित्र म्हणजे धक्क्यावर उभा राहून खलाशांवर ओरडणारा ढेरपोट्या साहेब. त्याच्या पाठीमागं दोर सुटून जहाज निघून चाललंय. हे चित्र निघालं की अण्णा अस्वस्थ.

"सर, ही गाठ चुकीची काढलीय. अशा गाठीनं जहाज सुटून जाईल."

"अहो अण्णा, सुटून चाललंय, तोच तर विनोद आहे!"

"ते ठीक आहे. पण गाठ बरोबर मारली असती तर ही वेळच आली नसती!"

मी खिडकीपाशी जाऊन हसले. नियमाप्रमाणं अजून परवानगी नव्हती.

*

"आई, अण्णा कधी समुद्रावर गेले होते का?" मी एकदा सासूबाईंना विचारलं.

आई मेथी निवडत होत्या. "गेलो होतो की, लग्नानंतर मुंबईला. मोठ्या हौसेनं लाँचमध्ये बसले. मला म्हणाले, घाबरू नको, मी आहे. आणि सुरू झाल्या उलट्या."

"लाटा मोठ्या होत्या?"

"लाटा कुठल्या! अजून दोर सोडला नव्हता."

*

होळी रविवारी आली. सकाळी पुरण वाटून झालं आणि मी आईंचं पितळी पुरणयंत्र धुवायला घेतलं. रुखवतात आलेलं, जुनं, वजनदार. भांड्यातून दांडा सुटून हातात आला: वर फिरवायचा मुठीचा दांडा, खाली तिरकं पातं. मी त्याच्याकडं पाहत राहिले. आईंनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या पदराला हात पुसून कपाटातला स्वच्छ रुमाल काढून दिला.

"ने," म्हणाल्या.

हॉलमध्ये तिघं पुरणपोळीवर तूप ओतत होते. मी रुमाल झाकलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"अरे वा! सूनबाई?" अण्णांनी रुमाल उचलला. पातं बोटानं फिरवून म्हणाले, "पंखा आहे. छोट्या होडीचा. वर हातानं फिरवायचं, खाली पाणी कापत जायचं. काय डोकं होतं इंग्रजाचं!"

हमीदभाईंनी हातात तोलून पाहिलं. "पंखा नै अण्णा. लंगर उठाने के चरखी का हँडल है. पीतल देखो, एकदम बिलायती!"

निकाळजे सरांनी दोघांनाही हात करून थांबवलं. घाईघाईनं फाईल उघडून एक चित्र काढलं. त्यात एक साहेब खेळण्यासारख्या जहाजाला किल्ली देत होता. "हे बघा! हाच दांडा, हीच मूठ! जहाजाचं घड्याळ चालवायची किल्ली. चित्रकारानं हुबेहूब काढलीय!" आणि त्यांनी पोळीचा मोठा घास घेतला.

तेवढ्यात आई आतून आल्या. हातात पुरणयंत्राचं भांडं, तळाशी अजून पिवळं पुरण चिकटलेलं. मी दांडा उचलला, भांड्यात बसवला. खट्ट! एकदा फिरवला. जाळीतून उरलंसुरलं पुरण खाली बशीत पडलं.

सरांचं तोंड चालायचं थांबलं. हमीदभाईंनी आपल्या हातातल्या पोळीकडं पाहिलं. अण्णा आईंकडं पाहत होते आणि आई छताकडं.

मी खुर्चीपाशी गेले. बसले. दोन्ही हात त्या लांब हातांवर ठेवले. वेत करकरला.

"सर, कप्तानाला चहा. आलं जरा जास्त घाला. वर्किंग कंडिशनमध्ये आहात ना?"