लिंबाची फोड आणि नानाचा डावा हात

"काका, नाना गेले..." नानाच्या मुलाचा सकाळी फोन आला आणि मी वेड्यासारखं विचारलं, "सलाईन कुठल्या हाताला लावलं होतं रे?" तो म्हणाला, "डाव्या." मी म्हटलं, "मग बरोबर आहे. डावा हात बांधून ठेवल्यावर तो थांबेल कशाला?" पोरगं रडता रडता हसलं. या गोष्टीला आता महिना होऊन गेला, तरी संध्याकाळी पाच वाजले की माझे कान गेटकडे लागतात. नाना गेट डाव्या हाताने उघडायचा, त्यामुळे कडी नेहमी उलटी वाजायची.

नाना पारोळ्याकडचा, कापूसवाल्या घरातला. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत तो वकिली करायला धुळ्यात आला. मी देवपुरात मास्तर होतो. साहेब लोक गेले आणि क्लबाचं टेनिस कोर्ट आमच्यासारख्यांच्या हाती आलं. कोर्ट शेणाने सारवलेलं. सारवणासाठी शेणकाला कालवून ठेवायची जमिनीत खणलेली एक उघडी टाकी कोपऱ्यात, रेषेपासून चार पावलांवर. नानाचा लिहायचा, जेवायचा, आरती धरायचा हात त्याच्या आईने, म्हणजे अक्कांनी, दटावून दटावून उजवा करून घेतला होता. टेनिस नावाचं काही असतं हे अक्कांना ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढं एक वाचलं.

आणि त्या वाचलेल्या हाताचं नानाने शास्त्र केलं होतं. धरणगावला एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. नानाने माझ्या पानावर बोट ठेवून शिकवणी सुरू केली. "जेवणारा म्हणजे समोरचा खेळाडू. उजवीकडे भाजी-आमटी, तिकडे त्याचा हात सारखा चालतो. तिकडे चेंडू टाकून त्याचं पोट कशाला भरायचं? डावीकडे चटणी, कोशिंबीर. तिकडे तो क्वचित वळतो, आपण तिकडेच वाढायचं. त्यातून डावखुऱ्याचा चेंडू आपणहून तिकडेच वळतो, उजव्यांना ते साधत नाही. मध्येच एखादा मिठावर टाकायचा, थेट पोटावर. आणि अ‍ॅडव्हान्टेजला म्हणजे एकाच गुणाची बाजी उरली की, पार टोकाला, जिथे लिंबू असतं तिथे! तो आणायला गेला की कोर्टाबाहेर गेलाच." लिंबं वाढणारी मुलगी पुढे जायचं सोडून हे सगळं ऐकत उभी होती. तिने नानाच्या पानाच्या अगदी टोकाला एक फोड ठेवली आणि विचारलं, "इथंच ना?"

झालं! नानाने जेवण तिथेच आटोपलं. परतताना गाडीत त्याने एवढंच सांगितलं, की लग्न करीन तर हिच्याशी, नाहीतर राहिलो असाच.

मुलगी जळगावची, नाव सुमन. तिचे वडील, आबा, रावेरकडचे केळीचे बागायतदार आणि जळगावच्या क्लबातले नावाजलेले खेळाडू. आबांच्या दोन तऱ्हा. माणूस कोर्टावर कळतो, म्हणून जावई आधी कोर्टावर पाहायचा. आणि डावा हात त्यांना अजिबात खपत नसे. डाव्या हाताने पुढे केलेला चहाचा कप त्यांनी भर बैठकीत परत पाठवला होता म्हणे. आता आली का पंचाईत? नाना उजव्या हाताने खेळला तर हसं होणार आणि डाव्याने खेळला तर सोयरीक मोडणार. सामन्याच्या सकाळी अक्कांनी त्याच्या हातावर दही ठेवलं आणि बजावलं, "तो डावा हात घर ठेईसन जाय, भाऊ. बठ्ठा घोळ त्यानाच शे."

आबा सहकुटुंब आमच्या कोर्टावर आले. बायकांसाठी झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मी पंच. नाना आईचं ऐकून उजव्या हाताने खेळला आणि पहिला सेट असा हरला, की आबांनी मधेच पाणी मागवून घड्याळ पाहिलं. मी मनात म्हटलं, गेली सुमन हातची. तेवढ्यात सुमनने झाडाखालून टीपॉयवरचं लिंबू उचललं, नानाकडे बघितलं, आणि ते तसंच डावीकडे ठेवून दिलं. नानाने रॅकेट हात बदलून घेतली.

पुढचा तासभर आबांना काय होतंय तेच कळेना. चेंडू येतोय असं वाटायचं आणि पळून जायचा. त्यांनी डावीकडे सरकून पाहिलं, तर पोटावर आला. सामना बरोबरीत येऊन शेवटी अ‍ॅडव्हान्टेज नानाचा झाला. नानाने टोकाला सर्व्हिस केली. आबा हट्टाने धावले, चेंडूमागे रेषेबाहेर गेले, तिथून आणखी चार पावलं, आणि... टाकीत. शेणकाला असा उडाला की चेंडूची खूण, रेषा, सगळंच सारवून निघालं. आबा कमरेइतक्या शेणात उभे राहून ओरडले, "बाहेर! चेंडू बाहेर पडला!"

आबांच्या आड मला काही दिसलं नव्हतं. "कुणी पाहिलं का?" असं मी चाचरत विचारलं. नाना गप्प. तेव्हा झाडाखालून स्पष्ट आवाज आला, "आत पडला, आबा. मी बघितला."

सुमनने चार माणसांत वडिलांचं म्हणणं खोडल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. आबांनी तिच्याकडे पाहिलं, नानाच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. टाकीतून बाहेर येत म्हणाले, "जावईबापू, जेवायचं मात्र उजव्या हातानं." तिथेच साखर वाटली.

नानाने शब्द पाळला. आयुष्यभर उजव्या हाताने जेवला. एक खोड तेवढी होती. पानावर बसला की डाव्या हाताने लिंबाची फोड उचलून ताटाबाहेर, जमिनीवर ठेवायचा. सुमनवहिनी वाढता वाढता ती उचलून आत ठेवायच्या. पुढे डायनिंग टेबल आलं तरी तेच. मला वाटायचं, वकिलाचा विसराळूपणा.

परवा वहिनींनी जेवायला बोलावलं. नानाच्या खुर्चीकडे पाहवत नव्हतं. माझ्या ताटात डावीकडे लिंबाची फोड होती. तिच्याकडे बघता बघता मी विचारून बसलो, "वहिनी, तो चेंडू खरंच आत होता?"

"हातभर बाहेर होता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "यांना ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला फोड ताटाबाहेर ठेवून माझ्याकडे बघितलं यांनी. मी उचलून आत ठेवली. तेव्हापासून रोजचं भांडण आमचं..." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आता फोड आपली जागच्या जागी राहते. नकोसं वाटतं बघा."

मी डाव्या हाताने फोड उचलली आणि ताटाबाहेर ठेवली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग हात लांब करून ती उचलली, ताटात ठेवली आणि ठणकावून म्हणाल्या, "आत होता."