दुपारच्या पहाऱ्याची वीणा

समस्त वाचकांनी कृपया बसून घ्यावे, पंखा कमी करावा आणि कच्च्या काळजाच्या मंडळींना आत पाठवावे. अत्यंत गंभीर निवेदन आहे! मी – तेलगावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारा बबन – असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास ठेवत नाही. तारेतून करंट जातो, एवढंच माझं अध्यात्म.

आता ऐका.

कोरोनाची दुसरी लाट. गावच्या शाळेचा विलगीकरण कक्ष केलेला. पाचवी ‘ब’मध्ये मी एकटा... पत्र्याकडे बघत, आपल्या तेराव्याला कोण कोण येईल याची यादी करत पडलेला. (येऊ कुणालाच देत नव्हते, तरी यादी!) शेजारच्या वर्गात नाना, आमच्या सप्ताहाचे जुने विणेकरी. वय ऐंशीच्या पुढं.

सप्ताहात सात दिवस नामाचा गजर थांबत नाही. गळ्यात वीणा घेऊन दोन-दोन तासांचा पहारा करायचा, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय ती गळ्यातून काढायची नाही. त्या वर्षी सप्ताहच झाला नाही.

सहाव्या दिवशी दुपारी, रोज आमचा ऑक्सिजन मोजायला येणाऱ्या आशाताई माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

“दादा, नाना दोन दिवस झाले पाठ टेकवंनात. बसूनच हायेत. ऑक्सिजन उतरायलाय. झोपा म्हणलं की म्हणतेत, ‘पुढचा गडी कुठंय?’ बीडला न्यायला गाडी बी मिळंना.”

गेलो. दोघंही पॉझिटिव्ह, भीती कुणाची! नाना खाटेवर ताठ. दोन्ही हात छातीशी, रिकामे... आणि उजव्या हाताचं बोट हलतंय.

“कावून बे बबन्या, इतका उशीर?” त्यांना धाप लागलेली. “दुपारचा पहारा तुझा न्हाई का?”

माझाच. जेवून उन्हाच्या तलखीत उभं राहायला कुणी तयार नसतं, म्हणून दरसाल माझ्या गळ्यात मारतात.

मी जन्माचा नाटक्या. “चुकलं नाना, द्या इकडं,” म्हणालो. रीतीप्रमाणे मी त्यांच्या पाया पडलो, ते माझ्या. हवेतली वीणा त्यांनी जपून माझ्या गळ्यात घातली, भिंतीकडं तोंड करून आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

झालं काम, म्हणून हात खाली सोडणार... तर सोडवेनात. कुणी धरले नव्हते हो! पण खांद्यावर पट्ट्याचं ओझं सरळ जाणवत होतं. उभा राहिलो. सहा दिवसांत पहिल्यांदाच तेराव्याची आठवण झाली नाही. आत सगळं निवांत, गार – उन्हातून येऊन रांजणातलं पाणी प्यावं तसं.

तासाभरानं आशाताईंनी नानांच्या बोटाला मशीन लावलं. आकडा चढला होता. जाताना कुजबुजल्या, “दादा, मोबाईलवर ते वाजायलंय, बंद करा की. झोपू द्या त्यांना.”

मोबाईल पाचवी ‘ब’मध्ये चार्जिंगला होता.

नाना आज ठणठणीत आहेत. त्यांना यातलं काहीच आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, आडवे झाले, झोप लागली, म्हणून वाचले. पटतं मला. आशाताईंना अजून विचारलं तरी “वीणाच वाजत होती की,” एवढंच म्हणतात. यावर उत्तर शोधायचं मी सोडून दिलंय. कारण त्या दुपारी आशाताईंची पाठ वळल्यावर मी, गंमत म्हणून, हवेतल्या तारेवर हळूच बोट मारलं – आणि भिंतीकडं तोंड करून गाढ झोपलेले नाना, डोळे न उघडता, खेकसले:

“तार उतरलीय बे! खुंटी पीळ की!”