पाटावरचं इंजिन

जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातले आमचे घरमालक काका आणि काकू नसते, तर माझ्या थोरल्या मुलीचा जन्म कुठे झाला असता, हे मला आजही मनात आणवत नाही. म्हणून आधी त्या दोघांना नमस्कार, आणि मग हकिगत. काकांइतका मोटारीखाली आडवा झालेला आणि काकांइतका मोटारीत कमी बसलेला माणूस साऱ्या हिंदुस्थानात दुसरा सापडायचा नाही. मी कऱ्हाडकडचा. सातवीतून शाळा सुटली आणि पोटामागे फिरत फिरत जबलपूरच्या लष्करी फॅक्टरीत येऊन पडलो. इथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. काका माझ्याच खात्यात वरच्या जागेवर होते. माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाले, "काहून असा उभा? चल, घरी एक खोली रिकामी आहे." बायकोला घेऊन आलो तेव्हा त्या खोलीत काकूंनी आधीच चूल मांडून ठेवलेली होती.

काकांची गाडी परत आपल्या देशी जाणाऱ्या एका पाद्र्याकडून घेतलेली. आकार कासवाचा. पुढचं झाकण उघडलं तर आत सामानाची जागा, आणि इंजिन मागच्या बाजूला दडलेलं. लढाईचे दिवस असल्यामुळे दिव्यांना वरून अर्धा काळा रंग दिलेला, त्यामुळे ती कायम पेंगुळलेली वाटे. या गाडीला साधी शिंक आली तरी काका तिचं इंजिन खाली उतरवत. उतरवणं हा शब्दही बरोबर नाही. चार बोल्ट काढायचे, इंजिन जरासं मागे ओढून पाटावर टेकवायचं, मग आळीतल्या चौघांनी गाडीचाच मागचा भाग उचलून धरायचा आणि पाट खालून ओढून घ्यायचा. "इंजिन उचलणारे मूर्ख असतात," काका सांगत, "इंजिन बसून राहतं. गाडीनं उठायचं." हा पाट काकूंच्या लग्नातला. त्यावरची रांगोळीची नक्षी कधीच ग्रीसखाली गेली होती. रोग ओळखायला काका काकूंची रवी वापरत. तिचं एक टोक इंजिनवर, दुसरं कानावर, डोळे मिटलेले. "ऐकून राहिला ना? आत कोणी तरी कुरकुरून राहिलं." मी म्हणे, "नाही काका." "तुझ्या कानात फॅक्टरी बसली आहे." तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू ओरडत, "अहो, माझी रवी! ताक राहिलंय!" जोडणी झाली की एखादा तरी बोल्ट शिल्लक उरायचाच. तो काका खिशात टाकत. "बनवणाऱ्यानं जास्तीचा दिला होता," हे त्यांचं स्पष्टीकरण. जवळच्या भेडाघाटच्या धबधब्यावर नेण्याचं वचन त्यांनी काकूंना गाडी आली त्या दिवशी दिलं होतं, पण दर सुटीच्या दिवशी इंजिन पाटावर असे. "चालत निघाले असते तर आतापर्यंत चारदा जाऊन आले असते," काकू मला ऐकवत. खरं तर ते काकांना ऐकवायचं असे.

त्या वर्षी लढाई थांबली होती, ओव्हरटाइम मात्र थांबला नव्हता. रजा मिळेना, आणि बायकोला आई नाही, म्हणून पहिलटकरीण असूनही तिला माहेरी पाठवता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, घरी अजिबात थांबायचं नाही, कळा सुरू झाल्या की सरळ सिविल लाइन्सला दवाखान्यात आणा. मी आधीच भित्रा, त्यात हे. काका म्हणाले, "गाडी आहे ना? तू निश्चिंत राहा." मी निश्चिंत राहिलो, आणि खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी काकांना इंजिनात पुन्हा कोणी तरी कुरकुरताना ऐकू आलं.

खंडेनवमीला त्या घरात हत्यारांना सुट्टी असे. हा दंडक काकांचाच. वर्षभर राबलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. विळी पुजलेली म्हणून भाजी नाही, नुसता वरणभात आणि दही. देव्हाऱ्यापुढे सगळे पाने, पक्कड, हातोडी हळदीकुंकवानं माखून बसलेली, आणि अंगणात पाटावरच्या इंजिनाला झेंडूची घसघशीत माळ. जेवणं उरकतात न उरकतात तोच बायको दाराची चौकट धरून खाली बसली.

मी टांग्यासाठी धावलो. सगळे टांगे देवीच्या दर्शनाला माणसं वाहत होते. एक टांगेवाला म्हणाला, "भैया, आज तो घोड़ा भी ना रुके." परत आलो तर काका देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभे. पान्याकडे हात न्यायचे, मागे घ्यायचे. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. "पूजा झालेली आहे बाप्पा," ते पुटपुटले. काकू आतून आल्या. त्यांनी एक पाना उचलला, पदरानं पुसला आणि काकांच्या हातात ठेवला. "देवी बाईमाणूस आहे. तिला कळतं. धरा."

त्यानंतरचे काका मी विसरणार नाही. शेजारचा दूधवाला भैया आणि देवीच्या मंडपातले तिघे ढोलवाले धावत आले. "काका, फिर गिरा दिया?" भैया हसला. "बाद में हँस, अभी उठा!" त्यांनी गाडी उचलली, आम्ही पाट आत सरकवला, मी नि काका खाली आडवे झालो. इंजिन जागेवर जाईना. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या भोकात शिरेना. माझ्या हातून बोल्ट दोनदा निसटून खाली पडला. "बोल्ट घाबरून राहिला का? मग तू काहून घाबरतो?" काका म्हणाले आणि ओरडले, "अगं, पुलीचं चाक फिरव!" काकूंनी मागची पुली जात्यासारखी सावकाश फिरवली. खट् असा आवाज झाला. तसा गोड आवाज मी फॅक्टरीतही कधी ऐकला नाही.

काकूंनी बायकोला मागे मांडीवर घेतलं आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. गडबडीत इंजिनावरची माळ काढायची राहिली होती. ती पट्ट्यात सापडली, आणि सिविल लाइन्सपर्यंत आमच्या मागून झेंडूच्या पाकळ्या उधळत गेल्या. रस्त्यातली माणसं बाजूला होऊन हात जोडत होती. आत कोणती देवी आहे, हे त्यांना कसं कळावं? दवाखान्यात पोचलो आणि थोड्याच वेळात आतून रडण्याचा आवाज आला. काका बाकावरून उठले, खिशातून हळद लागलेला एक बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मुलगी आहे. आवाज साफ आहे. कुठं कुरकुर नाही."

आता काकांचे गुडघे वाकत नाहीत. गाडी अंगणात कडुलिंबाखाली विटांवर उभी आहे. ते खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत असतात, रवी मांडीवर. काकूंनी हल्ली ती परत मागणं सोडून दिलं आहे. मीच जातो रविवारी, खाली आडवा होतो, ते वरून सांगतात तसं करतो. गेल्या आठवड्यात इंजिन पुन्हा पाटावर उतरवलं. काकू चहा घेऊन आल्या आणि गाडीच्या मागच्या सीटवरची धूळ पदरानं झटकून गेल्या. काका, तुमचे उपकार फिटण्यासारखे नाहीत, आणि मी फार शिकलेलाही नाही. पण इंजिन मी चढवीन, तो हळदीचा बोल्टही त्याच्या जागी बसवीन, आणि एक दिवस तुम्हां दोघांना मागे बसवून भेडाघाटला नेईन. चालवायला माझी थोरली, तुमची नात, आहे. ती आत्ताच विचारते आहे, काकू खिडकीशी बसणार की काका?